कडी आणि सही

डॉक्टर निष्काळजी होता की नव्हता, हे ठरवताना इंग्लंडपासून भारतापर्यंतची न्यायालये वर्षानुवर्षे ज्या निकालाचे बोट धरून चालत आली, तो एका मनोरुग्णालयातून आलेला आहे. १९५४ साली लंडनच्या फ्रायर्न हॉस्पिटलमध्ये बोलम नावाच्या नैराश्यग्रस्त रुग्णाला विजेचे शॉक दिले गेले. स्नायू शिथिल करणारे औषध दिले नव्हते, हातपाय धरून ठेवले नव्हते आणि हाड मोडण्याचा धोका असतो हेही त्याला सांगितले नव्हते. झटक्यात त्याच्या दोन्ही खुब्यांपाशी हाडे मोडली. १९५७ मध्ये दावा चालला तेव्हा तज्ज्ञांतच एकमत नव्हते. काही डॉक्टर शिथिलक देत, काहींना त्या औषधाचाच धोका जास्त वाटे. न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीला सांगितले, की त्या शाखेतल्या जाणत्या डॉक्टरांचा एक जबाबदार गट ज्या रीतीने वागतो त्या रीतीने वागलेला डॉक्टर, दुसरा गट वेगळे वागतो एवढ्यावरून, निष्काळजी ठरत नाही. बोलम हरला आणि ‘बोलम कसोटी’ जन्माला आली.

पुढे काय झाले ते पाहा. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ९५ व्या कलमाने भूल आणि शिथिलक न देता शॉक देण्यावर बंदी घातली. फ्रायर्नच्या डॉक्टरांची ज्या कृतीतून सुटका झाली, ती आज मुंबईत किंवा पणजीत कोणी केली तर शिक्षेस पात्र ठरेल. प्रत्येक वैद्यकशाखेत काळानुसार पद्धती बदलतात. पण मनोविकारशास्त्रात ‘योग्य उपचार’ कोणता, यावर डॉक्टरांइतकाच हक्क न्यायाधीश, संसद, पोलीस, नातेवाईक आणि खुद्द रुग्णही सांगतात. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला कायद्याची धास्ती वाटली तर नवल नाही. त्या धास्तीपोटी तो काय करतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा या संग्रहाचा विषय आहे.

डॉक्टर मंडळी आपापसांत याला ‘डिफेन्सिव्ह प्रॅक्टिस’ म्हणतात. पुस्तकात आम्ही ‘बचावात्मक वैद्यक’ हा शब्द वापरला आहे. निर्णय रुग्णासाठी घेतल्यासारखा दिसतो, पण लिहिताना डॉक्टरच्या डोळ्यांसमोर उद्याचा वकील असतो, असा हा प्रकार. त्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या जातात. एक, गरज नसताना जास्तीचे करणे: आणखी एक स्कॅन, आणखी एका तज्ज्ञाचे मत. दुसरी, टाळणे: धोक्याची शस्त्रक्रिया किंवा अवघड रुग्ण घ्यायचाच नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जास्त दावे होणाऱ्या सहा शाखांच्या ८२४ डॉक्टरांपैकी ९३ टक्क्यांनी आपण असे वागतो हे मान्य केले होते.

त्या सहा शाखांत मनोविकारशास्त्र नव्हते, आणि असायचे कारणही नव्हते. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत वर्षाकाठी मेंदूच्या शल्यविशारदांपैकी सुमारे १९ टक्क्यांवर दावा होतो, मनोविकारतज्ज्ञांत हे प्रमाण २.६ टक्के, सर्व शाखांत सर्वांत कमी. म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात कमी दावे होतात त्यांच्या बचावाबद्दल आम्ही एक अख्खे पुस्तक काढत आहोत. वाचकाने इथे भुवई उंचावली तर ते रास्तच आहे. कारण सांगतो.

हाडांच्या डॉक्टरने भीतीपोटी एक जादा एमआरआय काढायला लावला तर रुग्णाचे पैसे जातात. मनोविकारतज्ज्ञाकडे काढून घ्यायला असा एमआरआय नसतो. त्याच्या हाताशी असते ती वॉर्डाच्या दाराची कडी, केसपेपर, औषधाची चिठ्ठी आणि ‘आम्ही घेऊ शकत नाही, पुढे न्या’ हे वाक्य. त्याने बचावाचा पवित्रा घेतला की रुग्णाचे स्वातंत्र्य तरी जाते, नाहीतर डॉक्टर तरी. बिलावर यातले काहीच दिसत नसल्यामुळे त्याची मोजदादही होत नाही.

प्रत्यक्षात हे कसे घडते? आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण सावरला आहे, घरी जायला तयार आहे. पण ‘आणखी आठवडाभर राहू दे, आपल्या अंगावर नको’ म्हणून त्याला ठेवून घेतले जाते. नाहीतर उलट: तोच तरुण खासगी दवाखान्याच्या दारातून आत येण्याआधीच जिल्हा रुग्णालयाकडे वळवला जातो. भरतीच्या वेळी नातेवाइकांकडून ‘हाय रिस्क’ म्हणून लिहून घेतात. संमतीपत्र इंग्रजीत, खाली सही मराठीत. आणि समजेल त्या भाषेत माहिती मिळणे हा तर २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. काही ठिकाणी रुग्णाकडून ‘मी जिवाचे बरेवाईट करणार नाही’ असे लिहून घेण्याची चाल आहे. १९७३ साली अमेरिकेतून पुढे आलेल्या या करारामुळे आत्महत्या टळतात असा पुरावा आजवर मिळालेला नाही. न्यायालयात तो कागद डॉक्टरला वाचवतो, हीसुद्धा समजूतच.

बचावात्मक वैद्यकाचा सगळ्यात शांत प्रकार औषधाच्या चिठ्ठीत असतो. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचे सर्वांत परिणामकारक औषध. थोड्या रुग्णांत त्यामुळे पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या घटतात. १९७५ मध्ये फिनलंडमधल्या मृत्यूंनंतर ते बऱ्याच देशांत मागे पडले. १९८८ च्या अमेरिकी चाचणीने त्याचा गुण निर्विवाद दाखवला आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. तरीही पुष्कळ डॉक्टर त्याच्या वाटेला जात नाहीत. क्लोझापिनने कोणी दगावला तर जाब विचारला जाईल. क्लोझापिन न दिल्यामुळे कोणी दहा वर्षे आवाज ऐकत घराच्या कोपऱ्यात बसून राहिला, तर कोणीही काही विचारणार नाही.

न दिल्याबद्दल जाब विचारणारा एक गाजलेला खटला मात्र आहे. १९७९ मध्ये ओशेरॉफ नावाच्या एका अमेरिकी डॉक्टरलाच तीव्र नैराश्याने चेस्टनट लॉज या नामांकित रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथल्या मनोविश्लेषणवादी मंडळींनी त्याला कित्येक महिने बोलण्याचे उपचार दिले. औषध दिले नाही. तो खचत गेला. दुसऱ्या रुग्णालयात औषधे सुरू झाल्यावर सुधारला आणि त्याने पहिल्या रुग्णालयावर दावा लावला. ओशेरॉफ खटला न्यायालयाबाहेर मिटला, त्यामुळे कायद्याचा दाखला म्हणून त्याचे वजन शून्य. पण १९९० मध्ये जेराल्ड क्लेरमन आणि अ‍ॅलन स्टोन यांच्यात त्यावर जो वाद झाला, त्याने या शाखेतली खरी फूट उघड केली. क्लेरमन यांचे म्हणणे, ज्या उपचाराला चाचण्यांचा आधार आहे तो रुग्णाला मिळालाच पाहिजे. स्टोन यांना वाटत होते की शास्त्रातले वाद कोर्टाच्या हातोड्याने मिटवणे घातक आहे. मला दोघेही अर्धे बरोबर वाटतात. आणि हा अर्धेपणा पुढच्या पानांतून वारंवार भेटेल.

या विषयाच्या इतिहासात दोन प्रवाह आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध वाहतात. पहिला म्हणतो, माणसाला कोंडू नका. केनेथ डोनाल्डसन यांना फ्लोरिडाच्या सरकारी मनोरुग्णालयात जवळजवळ पंधरा वर्षे ठेवले होते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणाला धोका नसलेल्या आणि बाहेर राहू शकणाऱ्या माणसाला नुसते डांबून ठेवता येणार नाही. दुसरा प्रवाह म्हणतो, वाईट घडण्याआधी थांबवा. १९६९ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितले, की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसोपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिले. तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी कळवले नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने त्या तरुणीचा, तातियाना टॅरासॉफचा, खून केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये निर्णय दिला, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचे रक्षण करण्यासाठी योग्य ती पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. तोवर डॉक्टरचे उत्तरदायित्व समोरच्या रुग्णापुरते असे. आता ते अशा माणसापर्यंत पोचले, ज्याला त्याने कधी पाहिलेलेही नाही.

ब्रिटनने २०१२ मध्ये त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. रॅबोन खटल्यातली तरुणी स्वेच्छेने दाखल झालेली होती. दोन दिवस घरी जाऊ दिले आणि त्या रजेत तिने आत्महत्या केली. सर्वोच्च न्यायालयाच्या मते स्वेच्छेने आलेल्या रुग्णाच्या बाबतीतही रुग्णालयावर जीवरक्षणाचे कर्तव्य होते. कोंडले तर हक्कभंग, सोडले तर कर्तव्यभंग: या कात्रीतून सुटायला डॉक्टरला भविष्य वाचता यायला हवे, आणि ते वाचता येत नाही. अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखल झालेल्या ४,८०० माजी सैनिकांचा पाच वर्षे मागोवा घेतला होता. त्यांतल्या ६७ जणांनी आत्महत्या केली. तेव्हा उपलब्ध असलेली सगळी मोजमापे लावूनही त्यांतले ३५ जणच ओळखता आले, आणि त्यासाठी बाराशेच्या वर माणसांवर धोक्याचा खोटा शिक्का मारावा लागला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितले, की आत्महत्येचे भाकीत करण्यासाठी धोक्याचे तक्ते आणि गुणांक वापरू नयेत. तरी आपल्याकडच्या फायलींत ते तक्ते भक्तिभावाने भरले जातात.

भारताची वाट वेगळी आहे. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांत वेड लागलेल्या माणसापासून समाजाचे रक्षण हाच हेतू होता. डॉक्टर जवळजवळ तुरुंगाधिकारी होता, आणि तुरुंगाधिकाऱ्यावर कोण दावा लावणार? १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला. त्याच वर्षी पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसे जळून गेली. कायद्याच्या जाचाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हा इतिहास आधी आठवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. कायदा या क्षेत्रात आगंतुकासारखा घुसलेला नाही. त्याला बोलावून आणण्याइतके आपण सर्वांनी केले होते.

डॉक्टरांच्या सर्वसाधारण उत्तरदायित्वाचा धागा मात्र महाराष्ट्रातून निघतो. पुण्यात मांडीचे मोडलेले हाड पुरेशी भूल न देता ओढून बसवल्यानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणातला लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा १९६८ चा निकाल आजही पाया मानला जातो. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि दवाखान्यादवाखान्यांतून इंडेम्निटी पॉलिसी हा शब्द रुळला. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने बोलम कसोटी उचलून धरली. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ असावा, दुसऱ्या जाणत्या डॉक्टरच्या मताशिवाय तक्रार पुढे नेऊ नये, सरसकट अटक करू नये, असे सांगितले. हा निकाल डॉक्टरच्या बाजूने किती आहे, हे किती डॉक्टरांनी वाचले आहे? माझा अनुभव असा, की भीती बहुतेकदा निकालातून न येता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्याच्या बातमीतून येते.

मनोविकारतज्ज्ञाची भारतीय धास्ती आणखी एका दिशेने येते, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. ती दिशा म्हणजे कौटुंबिक न्यायालय. सासरची मंडळी सुनेला घेऊन येतात, किंवा माहेरचे जावयाला. दोन भेटींनंतर कागद मागतात, आणि वर्षभराने तोच कागद घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेला दिसतो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे. १९८८ च्या राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसते ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे बजावले. तरी कागदावरचे नाव आपले काम करून जाते. म्हणून कित्येक डॉक्टर निदान लिहायलाच कचरतात. मोघम शब्द वापरतात. यामागे कधी डॉक्टरचा बचाव असतो, कधी त्या सुनेचाही. हा गुंता सोडवण्याचा आव आम्ही आणलेला नाही.

आणि आत्महत्या. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाचे प्रकरण आले. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या या माणसाने महापालिकेच्या कार्यालयाबाहेर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता. त्याच्यावर आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ कलम लागले. न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच मत दिले आणि १९९६ मध्ये ते फिरवले. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायला सांगितले, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम तसे राहिले नाही. तरी रुग्णालयाच्या दारात पहिला प्रश्न अजूनही ‘एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली का?’ हाच असतो.

२०१७ च्या कायद्याबद्दल तीन सूर ऐकू येतात. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातल्या अभ्यासकांचा हा कायदा घडवण्यात हात होता. त्यांच्या दृष्टीने रुग्णाची निर्णयक्षमता गृहीत धरणे, आगाऊ निर्देश (पुढे कोणता उपचार हवा किंवा नको हे आधीच लिहून ठेवणे), नामनिर्देशित प्रतिनिधी या गोष्टींनी रुग्ण प्रथमच कायद्यापुढे माणूस झाला. त्याच पुण्यातल्या बापू ट्रस्टसारख्या संस्थांना तो अपुरा वाटतो. संमतीशिवाय भरती ही कल्पनाच त्यांना मान्य नाही, आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्वविषयक कराराकडे त्या बोट दाखवतात. तिसरा सूर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचा: नोंदणी, भरती झाल्याचे पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत आणि स्त्रियांच्या बाबतीत तीन दिवसांत कळवणे, पहिल्याच उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, यापेक्षा भरती बंद केलेली बरी. हे तिन्ही सूर या संग्रहात आहेत आणि संपादनात आम्ही त्यांची धार बोथट केलेली नाही. माझे मत विचाराल तर कायद्याचा गाभा चांगला आहे, पण त्याला लागणारी मंडळे आणि माणसे देण्यात सरकारांनी जी दिरंगाई केली तिने डॉक्टरांच्या तक्रारीला आयते बळ दिले. डॉक्टरला आधार देणाऱ्या तरतुदी मात्र कोणी मोठ्याने वाचत नाही. वैध आगाऊ निर्देश पाळल्याने अनपेक्षित परिणाम झाला तर डॉक्टर जबाबदार ठरत नाही. दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर गोपनीयता लागेल तेवढीच सैल करता येते. टॅरासॉफचा पेच आपल्या कायद्याने एका पोटकलमात, डोके शांत ठेवून सोडवला आहे.

हे पुस्तक आत्ता का? कारण आपल्याकडे डॉक्टरच थोडे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दहापैकी एका प्रौढाला उपचाराची गरज असलेला मनोविकार आहे, आणि आजारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत उपचार पोचत नाहीत. लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही. बोस्टनमध्ये एकाने रुग्ण नाकारला तर तो शेजारच्या गल्लीत जातो. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एकाने भरती बंद केली तर नातेवाइकांना ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठावे लागते, किंवा एखादा दर्गा, एखादा बाबा. त्यात २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांपासून पडद्यावरून उपचार सुरू झाले आहेत. गडचिरोलीतल्या रुग्णाने पुण्यातल्या डॉक्टरला पडद्यावर आत्महत्येचा विचार सांगितला, तर कडी कोणी लावायची आणि सही कोणाची घ्यायची?

या पुस्तकात मनोविकारतज्ज्ञ, वकील, वॉर्डातल्या परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, रुग्ण आणि नातेवाईक यांनी लिहिले आहे. खटला कसा टाळावा याचे हे मार्गदर्शक नाही. तशी पुस्तके बाजारात आहेत आणि ती बरीच खपतात. भीतीने घेतलेला निर्णय ओळखता येतो का, आणि ओळखल्यावर बदलता येतो का, हे आम्हाला पाहायचे होते. सगळे लेख वाचून माझे एक मत पक्के झाले. न्यायालये डॉक्टरकडून अचूक भाकीत मागत नाहीत, विचार केल्याची खूण मागतात. रुग्णाशी आणि घरच्यांशी काय बोललो, कोणता धोका दिसला, तरी घरी का पाठवले, हे त्याच दिवशी चार ओळींत लिहिलेला डॉक्टर, सतरा सह्या घेणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त सुरक्षित असतो. आणि त्याच्या रुग्णाचेही त्यात भले असते.

वाचकाला एक विनंती. तुम्ही डॉक्टर असाल तर नातेवाइकांनी लिहिलेल्या लेखांपासून सुरुवात करा. नातेवाईक असाल तर डॉक्टरांच्या. आणि दोघांनीही २०१७ चा कायदा मुळातून वाचा. तो वाचायला एक दुपार पुरते.